पोळ्याच्या दिवशी मोजलेला रस्ता

परवा औरंगाबादला क्रांती चौकात आमची रिक्षा जागची हलेना. पुढं ट्रक, मागं ट्रक, वर ऊन. मी कुरकुरायला लागले तशी माझी नात मला गप्प ठेवायला म्हणून खांबावरचं यंत्र दाखवू लागली.

"आजी, ते बघ. येणारी-जाणारी गाडी आपोआप मोजतं. त्यावरून ठरतं, कुठला रस्ता रुंद करायचा, कुठं पूल बांधायचा."

"पोळ्याच्या दिवशीपण मोजतं का?"

"पोळ्याचा काय संबंध?"

काही नाही, म्हटलं. संबंध होता, पण तो सांगत बसले असते तर सिग्नल सुटला असता. म्हणून इथं लिहिते.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईचा पदर धरून चालायची. ही गोष्ट त्याच्या बऱ्याच पुढची, आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला त्या सुमाराची. माझं वय चौदा. आणि माझ्याइतकी शहाणी बाई शेंद्र्यापासून दौलताबादपर्यंत दुसरी नाही, असं माझं स्वतःचं प्रामाणिक मत होतं.

शहरात, शहागंजात आत्याकडं राहून मी सातवी केली होती. सुट्टीत गावी आले की 'लई' म्हणायचं टाळायची, 'खूप' म्हणायची. आई म्हणाली, "काहून गं उशीर केला?" की मी मान वेळावून सांगायची, "आई, 'काहून' नाही, 'का' म्हणावं." तिनं हातातलं उलथनं फेकून मारलं नाही हे तिचे उपकार. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि डोक्यात एकच खूळ: मॅट्रिक व्हायचं, मास्तरीण व्हायचं, हातात छडी घ्यायची. शिकवायची हौस किती होती देव जाणे, छडीची मात्र फार होती.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या यजमानांची बदली परभणीला झाली. शहागंजातली खोली सुटली आणि खोलीबरोबर माझी शाळाही. वसतिगृहात पोरगी ठेवणं म्हणजे माझ्या वडलांच्या, आबांच्या लेखी पोरगी हरवणं. रोज जाऊन-येऊन करावं तर आमचं गाव जालना रस्त्यावरच्या शेंद्र्यापासून चार मैल आत. त्याला रस्ता म्हणायचे ते नुसतं बोलायला. दोन चाकोऱ्या आणि मधे नाला. पावसाळ्यात चिखल असा, की चप्पल काढून हातात घ्यावी तर पाय मागं राहतो. एसटीची मोटार जालना रस्त्यानं धुरळा उडवत जायची, आमच्याकडं वळायची नाही. रस्ता पक्का नसेल तर मोटार नाही, आणि सरकारच्या यादीत रस्ता नसेल तर पक्का व्हायचा प्रश्नच नाही.

तेवढ्यात जालन्याकडचं स्थळ आलं. मोसंबीची बाग, दोन विहिरी, मुलगा जेमतेम वाचण्याइतका शिकलेला. मी जेवण सोडलं. म्हणजे सगळ्यांच्या देखत सोडलं. चुलीमागची भाकरी कोण नेतं याचा तपास आईनं कधी केला नाही. पण रात्री खरंच झोप यायची नाही. डोळे मिटले की शाळेची घंटा ऐकू यायची, आणि मी दाराबाहेर उभी.

आबा गावात शब्दाचा माणूस म्हणून ओळखले जायचे. एका सकाळी गोठ्यात बैलाला खरारा करता करता म्हणाले, "तामीरातची माणसं रस्ता मोजाय येणारेत. रस्ता जिल्ह्याच्या यादीत चढला, तर मोटार आज ना उद्या येती असं समजन. मग वरीसभर तुला कुणाला दाखवत नाय. नाय चढला, तर दिवाळी झाली की जालनेकरांना व्हय म्हणून टाकतो."

"शब्द?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं. केवढा तो तोरा!

"शब्द."

तामीरात म्हणजे बांधकाम खातं. निजाम गेला, हैदराबादही गेलं, पण आमच्याकडं खात्याचं नाव तेच राहिलं. यादीत नाव चढणं आणि दारात मोटार येणं यांच्यात किती वर्षं मावतात, हे ना आबांना ठाऊक होतं ना मला. मी मनातल्या मनात दसऱ्यापर्यंत मोटार आणूनही ठेवली. आणि नाही आली, तरी एक वर्ष तर हातात येत होतं. वर्षभरात जालनेकर दुसरी मुलगी बघतील, आबांचं मन पालटेल, काहीही होईल. बुडणाऱ्याला एक वर्ष म्हणजे केवढी मोठी फळी!

मोजणी कशाला, तर आधी आमच्या मुलखातल्या मोठ्या रस्त्यांची तोंडं हैदराबादेकडं होती. मैलाच्या दगडांवर उर्दू आकडे असायचे. आबा उर्दू शिकलेले. बाजारला जाताना ते मला दगड वाचून दाखवायचे. पुढं दगडांना चुना फासून मराठी आकडे आले. मग जिल्हाच मुंबईकडं गेला आणि सगळ्या रस्त्यांना मान वळवून मावळतीकडं बघावं लागलं. कुठला रस्ता कुणाचा, कुणी दुरुस्त करायचा, हे नव्यानं ठरवायचं होतं.

मोजायला एक कारकून आला. औरंगाबादेत गुलमंडीकडं राहणारा, भिक्षुकी सोडून कचेरीत शिरलेल्या घरातला. डोक्याला टोपी, बगलेत छत्री, हातात पत्र्याची पेटी आणि पायात बूट, त्यातला एक येतायेताच नाल्यानं ठेवून घेतला. गावच्या वेशीबाहेरच्या कडुलिंबाखाली पेटीवर कागद पसरून तो बसला. तीन दिवस बसायचं, आणि जाईल त्या गाडीमागं कागदावर एक उभी रेघ मारायची, एवढंच त्याचं काम.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि अस्सल शहागंजी मराठीत विचारलं, "आपण रस्त्यांची यादी कशी करता?"

खेड्यात एवढी शुद्ध पोरगी भेटल्यावर तो खूश झाला. "रस्ते पाच प्रकारचे असतात, ताई. पहिला राष्ट्रीय. दुसरा राज्याचा. मग मोठे जिल्हा रस्ते, मग लहान जिल्हा रस्ते, आणि शेवटी गावरस्ते. इंग्रज होता तेव्हाच नागपूरला मोठमोठे इंजिनिअर बसले आणि हे ठरवून उठले."

"आपल्या जिल्ह्यात राष्ट्रीय कुठला?"

"एकही नाही." देवघर रिकामं असल्यासारखं त्यानं सांगितलं. "राष्ट्रीय दिल्ली बघते. राज्याचा मुंबई बघते. जिल्ह्याचे जिल्हा बघतो."

"आणि गावरस्ता?"

"तो गाव बघतं."

म्हणजे कुणीच नाही. चार वर्ण, आणि पाचवे वेशीबाहेरचे. रस्त्यालाही जात सुटली नाही. हे आत्ताचं शहाणपण आहे, तेव्हाच्या त्या रिबिनवालीच्या नावावर जमा करू नका. तिनं एवढंच विचारलं, की आमचा रस्ता चौथ्यात कसा चढेल.

"नियम असा आहे, की शेतीच्या मुलखात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये. तुमचं चारच मैल. म्हणजे नियमानं तुम्हाला रस्ता मिळालेला आहे."

"पण मधे नाला आहे!"

"नकाशात नाला आडवा येत नाही." त्यानं आपल्या एका अनवाणी पायाकडं बघितलं आणि जरा ओशाळला. "आता राहिली वर्दळ. गाड्या भरपूर दिसल्या तर वर चढवता येतो."

गाड्या? आमच्या गावात घरटी एक गाडी होती! मी तांब्या तिथंच विसरून घरी पळाले. आणि वाटेत बघते तर सगळ्या गावाचे बैल, गाड्यांविना, नाल्यावर अंघोळीला निघालेले. शहरात राहून अमावास्या-पौर्णिमा विसरलेल्या त्या शहाण्या बाईच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. उद्या पोळा.

पोळ्याला आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दुपारीच त्याला सोडतात. दिवेलागणीला खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." दुसऱ्या दिवशी बाशिंग, झूल, पुरणपोळी, माणसांसारखी मंगलाष्टकंसुद्धा. तिसऱ्या दिवशी कर, त्याही दिवशी त्याला आराम. वर्षातले नेमके हे तीन दिवस कचेरीनं आमच्या गाड्या मोजायला निवडले होते.

मी तशीच उलटी कडुलिंबाखाली आले. "अहो, उद्या पोळा आहे!"

"हो ना," कारकून कौतुकानं म्हणाला. "आमच्याकडंही असतो. आई मातीचे बैल आणते, पाटावर मांडून पूजा करते."

"त्यांना तुम्ही जुंपता का?"

"मातीच्या बैलांना?"

"मग खऱ्यांनापण नाही जुंपत!"

त्यानं कागदाकडं बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडं. चेहरा उतरला बिचाऱ्याचा. "तारखा वरून आल्यात, ताई."

संध्याकाळी आबा गोठ्यात वाटीतली लोणी-हळद बैलाच्या खांद्याला चोळत होते. मी शेजारी जाऊन बसले. "आबा, उद्या एक फेरी. वेशीपासून कडुलिंबापर्यंत. आपण जुंपली की बाकीचेही जुंपतील."

त्यांचा हात थांबला. "ह्यानं वरीसभर ओढलं. तू आत्यापाशी बसून जी भाकर खाल्ली ती ह्याच्या खांद्यावरनं आली. त्यानं वर्षाचा एक दिस मागितला, तोबी तुझ्या मोटारीला दिऊ?"

शहागंजी मराठीत याला उत्तर नव्हतं. मी बैलाच्या पायाशी बसून रडले. बैलानं माझी रिबीन चाटली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बैल सजून, हलगीच्या तालावर, कडुलिंबावरून मारुतीकडं निघाले. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंगं. सणाच्या दिवशी आलेला पाहुणा म्हणून गावानं कारकुनाला पुरणपोळीचं ताट पोचवलं होतं. तो जेवत होता. मी धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिले. "मोजा ना! केवढी वर्दळ आहे बघा!"

"गाडी कुठंय यात?"

"बैल आहेत की!"

"मोकळी जनावरं चरायला जाणाऱ्या गुरांत धरतात."

"हे चरायला चाललेत? बाशिंग बांधून?"

त्याला हसू आलं. मला वाटलं, बर्फ वितळतोय. मी खाली बसले, पायातल्या चांदीच्या तोरड्या काढल्या आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या. "आता चार रेघा जास्त मारा."

त्याच्या घशात पोळी अडकली. "आधी घाल त्या पायात! अगं, कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुझं नाव जाईल. जा बघू."

'ताई'ची मी 'अगं' झाले. मी तोरड्या मुठीत धरून कडब्याच्या गंजीमागं जाऊन पडले. लाच द्यायलाही अक्कल लागते, सगळ्या गावासमोर कुणी देतं का! पण त्या दुपारी मला खरंच वाटत होतं, की हा दिवस मावळला की मी संपले.

धाकटी काकी मला शोधत आली. ती माझ्याहून थोडीच मोठी, खळखळून हसणारी, आणि लग्न होऊन आल्यापासून शेंद्र्याच्या पुढं न गेलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"रडून रेघ उमटती व्हय?"

"मग काय करू?"

"छकडा हाय ना आपला. त्याला बैल नाय लावायचे, इतकंच ना? ऊठ. तू डावीकडची हो, मी उजवीकडची. मारकी मी हाय."

आणि आम्ही खरोखरच तो छकडा बाहेर काढला. जुवाखाली खांदे घातले आणि ओढायला लागलो. हलका छकडा म्हणतात त्याला. हलका बैलांना असेल. वेशीतून कडुलिंबापाशी आलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कारकून उठून उभा राहिला.

"हे काय?"

"गाडी," मी म्हटलं. "मारा रेघ."

"ही बैलगाडी नाही."

"मग काय आहे?"

त्यानं बराच विचार केला. "हातगाडी."

"हातगाडीला रकाना आहे?"

"आहे."

"मग मारा की!"

त्यानं मारली. आम्ही छकडा वळवला, पुन्हा वेशीपर्यंत नेला, पुन्हा आणला. तो पुन्हा रेघ मारत होता, माझ्याकडं न बघता. तेवढ्यात मिरवणूक मारुतीवरून परतली आणि सगळं गाव आमच्याभोवती गोळा झालं.

"आरं, पोळ्या आणा!" एक म्हातारा ओरडला. "दोन पुजायचे राहिलेत!"

"शिंगं काहून रंगवली नायत?" दुसरा म्हणाला.

"कुणाला लागल्यावर रंगत्यात," काकी पदराआडून म्हणाली, आणि हशा दुप्पट झाला.

मीही हसले. हसतहसत ओढत होते, आणि मनात म्हणत होते, अजून एक, अजून एक. वेशीजवळच्या चढावर छकडा मागं घसरला. काकी सुटली, मी नाही सुटले. जू खांद्यावरून खरवडत गेलं आणि मी गुडघ्यांवर पडले. गर्दीतून आबा आले. हलगी थांबली. ते मला ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी जू उचललं, बाजूला ठेवलं, आणि माझ्या फाटलेल्या पोलक्याकडं बघत राहिले.

"चल घरी," एवढंच म्हणाले.

घरी आईनं कालच्याच वाटीत उरलेली लोणी-हळद माझ्या खांद्याला चोळली. मला वाटलं, आता ही काहीतरी टोमणा मारेल, निदान कानात आवतण तरी देईल. ती वाटी निपटून चोळतच राहिली. करीच्या दिवशी मला उठवेना. कारकून रिकाम्या रस्त्याकडं बघत दिवसभर बसला आणि संध्याकाळी पेटी उचलून गेला.

दसऱ्याच्या आधी तो परत आला. शेंद्र्याला काही काम होतं म्हणे, पण चार मैल चिखल तुडवत आत यायचं कारण नव्हतं. आबांनी घोंगडी टाकली. तो बसला नाही. टोपी हातात घेऊन उभ्यानंच म्हणाला, "गावरस्ता."

"पाचवा?" आबांनी विचारलं.

"पाचवा."

मी दाराआडून पुढं आले. "आणि आमच्या रेघा?"

"साहेब म्हणाले, हातगाड्या गावातल्या गावात फिरतात, त्यांना रस्ता कशाला? खोडल्या त्यांनी." मग खाली बघून म्हणाला, "मी लिहिल्या होत्या, ताई."

तो गेल्यावर आबा गोठ्यात जाऊन बसले. मी मागोमाग गेले. त्यांचे पाय धरले. एकदाच, एकच शब्द मोडा, असं मी म्हणाले. पुन्हा कधी काही मागणार नाही म्हणाले. पोथीतल्या बायका करतात ती सगळी विनवणी केली; तेव्हा ती नाटकी वाटत नव्हती.

"मी तुला आपणहून शब्द दिला नव्हता," ते हळूच म्हणाले. "तू मागून घेतलास. रस्ता चढला असता आन् मी फिरलो असतो, तर तू काय म्हणली असतीस?"

कमरेवर हात ठेवून 'शब्द?' विचारणारीला कुणी सांगितलं होतं, की शब्दाचं जू दोन्ही मानांवर बसतं?

दिवाळीनंतर लग्न लागलं. हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या. काकी माझ्या अंगाला हळद लावत होती. खांद्यावर जिथं कातडं नव्यानं आलं होतं, तिथं तिचा हात थांबला. गाणं चालूच होतं.

"दुखतं का गं?"

"नाय," मी म्हटलं. "लई नाय."

आईनं तिकडून चमकून बघितलं. मी काय बोलले ते मला मागाहून कळलं.

पाठवणीच्या वेळी जालनेकरांची मोटार जालना रस्त्यावरच थांबली होती. आमच्या रस्त्यानं आत यायला ड्रायव्हरनं साफ नकार दिला. मग आबांनीच बैल जुंपले आणि मला, नवरदेवाला आणि करवलीला गाडीत घेतलं. वेशीबाहेर कडुलिंबापाशी गाडी थांबली. मला वाटलं, बैल मुतायला थांबले. आबा खाली उतरले. कारकुनाची पेटी जिथं असायची तिथं गेले, हातातल्या बैल हाकायच्या पराणीच्या टोकानं मातीत एक उभी रेघ ओढली.

"एक," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मग परत येऊन धुरेवर बसले आणि बैलांना हाक दिली.

नवरदेवानं माझ्याकडं बघितलं. मी मुंडावळ्यांआडून दुसरीकडं बघितलं.

नाल्यात गाडी रुतली. सगळे उतरून चाकांना खांदे लावायला लागले. करवलीसुद्धा उतरली, मी तेवढी वर बसले होते, नवरी होते ना. नवरदेव नवेकोरे बूट घालून चिखलात उभे, तोंड लाल, दातओठ खाऊन ढकलतायत. गाडी एकदाची वर निघाली तेव्हा त्यांच्या एका पायात बूट नव्हता.

ते वाकून चिखलात चाचपायला लागले. पण शोधत बसायला कुणी थांबलं नाही. पुढं रस्त्यावर मोटार खोळंबली होती.